एकच ट्राम, एकच काठी

डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनहून निघालो तेव्हा लेकीच्या घरातली तीन घड्याळं तीन वेगळ्या वेळा दाखवत होती. त्या रविवारी पहाटे आयर्लंडची घड्याळं एक तास मागे गेली होती. मोबाइलचं आपोआप गेलं, ओव्हनचं कुणी केलं नव्हतं, आणि माझ्या मनगटावरचं तर अमरावतीच्याच वेळेवर चाललं होतं. दीड महिन्यात मी त्याला हात लावला नव्हता.

"आई, आता तरी बदल ते घड्याळ," मुग्धा म्हणाली.

"बुधवारी परत जायचंय. तीन दिवसांसाठी कशाला त्याला त्रास?"

खरं सांगायचं तर इथे माझं मन रमलं नव्हतं. लेकीचं घर छान, नात गोड, हवा थंड, माणसं हसतमुख. कशालाही 'ग्रँड' म्हणतात (म्हणजे बरं, ठीक, चालेल, काळजी नको, सगळंच). पण मुग्धा ऑफिसला आणि सात वर्षांची इरा शाळेत गेली की घर खायला उठायचं. मग मी कोट चढवून ॲडम्सटाउनच्या स्टेशनावर जाऊन बसायचे. हिरव्या गाड्या यायच्या, दारं आपोआप उघडायची, मिटायची. झेंडा नाही, शिट्टी नाही, घंटा नाही. तरी मी बसायचे. एक दिवस मुग्धाने विचारलंच, "तू रोज तिथे करतेस काय?" मी म्हटलं, "काही नाही, गाड्या बघते." आणि त्या शनिवारी ती म्हणाली, "स्लायगोला मैत्रिणीकडे चाललोच आहोत, तर वाटेत तुला एक गंमत दाखवते. जुनी ट्राम आहे. गावातले लोक हौसेने चालवतात. उद्या त्यांच्या सीझनचा शेवटचा दिवस आहे."

आता माझ्या वाचकांना हे सांगायलाच हवं की मी स्टेशनमास्तरची मुलगी. वऱ्हाडात आमच्या छोट्या लाईनवर बोरखेडी नावाचं एक स्टेशन होतं, आणि तिथे माझ्या बाबांचं राज्य होतं. राज्य म्हणजे एक खोली, एक कडुनिंब आणि दिवसाला दोन गाड्या. लाईन एकेरी, म्हणून ड्रायव्हरला पुढे जायची परवानगी म्हणून एक लोखंडी गोळा द्यायचा. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवीला वेताची मोठी कडी. गाडी थांबणार नसली की बाबा फलाटावर उभे राहून कडी उंच धरायचे आणि ड्रायव्हर चालत्या इंजिनातून झुकून, कडीत हात घालून ती उचलायचा. ज्याच्या हाती गोळा, लाईन त्याची. आम्हा पोरांना त्याला हात लावायची बंदी. नियम मात्र तोंडपाठ. गोळा खाली ठेवायचा नाही, ज्याचा त्यालाच द्यायचा, आणि घेणाऱ्याने घेतल्याशिवाय हात खाली करायचा नाही.

लाईन बंद व्हायची ठरली तेव्हा बाबा केव्हाच रिटायर झाले होते, पण राहत होते तिथेच, गावात. त्यांनी निरोप पाठवला, "शेवटच्या गाडीले ये. आपण दोघं बसून जाऊ." बाबांनी आयुष्यभर गाड्या सोडल्या, स्वतः बसले मात्र क्वचितच. मी अमरावतीला शाळेत भूगोल शिकवत होते. त्या आठवड्यात शाळेची तपासणी होती. मी गेले नाही. गाडी बंद झाली, पुढे बाबाही गेले. तपासणीला आलेल्या साहेबांचं नावही मला आज आठवत नाही.

म्हणून मला त्या ट्राममध्ये बसायचं होतं. एवढंच. छोट्या लाईनच्या लाकडी बाकावर एकदा बसायचं होतं, मग ती लाईन कुठल्याही मुलखातली असो.

डब्लिन मागे पडलं तसा रस्ता निवांत झाला. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपणं, त्यांत लाल फळं, पलीकडे लव्हाळ्याने भरलेली ओली कुरणं. मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या-तांबड्या रंगाचे शिक्के, आपल्याकडे पोळ्याला बैलांना मारतात तसे. मध्येच तळं यायचं, पुन्हा कुरण, पुन्हा तळं. भूगोलाच्या पुस्तकात आयर्लंडचा धडा मी एका परिच्छेदात उरकायचे. त्या मुलांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मोठा रस्ता सोडून आत वळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ते गाव आलं. गाव कसलं, एक चर्च, एक पब, एक पेट्रोलपंप. आणि रस्त्याला अगदी लागून, गवतातून गेलेले दोन रूळ. मी गाडीतून उतरले आणि आधी खाली वाकून रुळांमध्ये वीत लावली. बरोबर चार विती. आमच्या लाईनपेक्षा सहा इंच जास्त.

"आई, लोक बघतायत," मुग्धा पुटपुटली.

बघत होती ती एक बाई, माझ्याच वयाची, अंगात तेलाने माखलेला डगला आणि डोक्यावर कंडक्टरची टोपी. नाव ब्रायडी. ती चाळीस वर्षं गावच्या शाळेत बाई होती, आता इथे तिकिटं फाडते, झेंडा दाखवते आणि गुरुवारी सगळ्यांबरोबर रुळांवर काम करते. तिने विचारलं, "मोजलंस ते किती भरलं?" मी म्हटलं, "तीन फूट." ती म्हणाली, "बरोबर. आत ये, चहा ठेवलाय."

शेडमध्ये दहा-अकरा माणसं होती, बहुतेक साठीच्या पुढची. कुणी क्रीमरीतून (दुधाच्या डेअरीतून) रिटायर झालेला, कुणी पोस्टातून. दर गुरुवारी ते जमतात. रुळांखालचे कुजलेले लाकडी स्लीपर काढून नवे घालायचे, रुळांच्या जोडावरचे नट आवळायचे, काटेरी झुडपं तोडायची. मूळ ट्राम साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बंद झाली, रूळ भंगारात गेले. यांनी कुठून कुठून रूळ आणून मैलभर लाईन परत टाकली. डबा मिळाला तो एका शेतकऱ्याच्या अंगणात. त्याने त्यात कोंबड्या पाळल्या होत्या. "आठ महिने आम्ही फक्त खरवडत होतो," ब्रायडी म्हणाली. "दमट दिवशी अजून वास येतो." दिवस दमटच होता, आणि वास येत होता.

मी डब्यात बसले. लाकडी बाक, पितळी कड्या, खिडकी वर करायला चामड्याचा पट्टा. ड्रायव्हर जो नावाचा, शांत, लठ्ठ माणूस. निघण्याआधी ब्रायडीने त्याच्या हातात एक काठी दिली. हातभर लांब, गुळगुळीत, तिला पितळी पट्टी आणि पट्टीवर लाईनच्या दोन टोकांची नावं कोरलेली. मी पाहिलं. हा तर आमचा गोळा. रूप वेगळं, काम तेच.

गाडी हलली. तोच तो खडखडाट, तेच रमतगमत जाणं, की बाजूने सायकलवाला पुढे निघून जावा. रस्त्यावरून एक बाई हात हलवून गेली. एका दगडी पुलावरून पलीकडे गेलो, आणि लाईनच्या शेवटी तळं आलं, राखाडी, निवांत. इरा म्हणाली, "आजी, इट्स सो स्लो." मी म्हटलं, "हो ना, किती छान." मी डोळे पुसत होते, आणि ते लपवायचं मला काही कारण वाटलं नाही. शेजारची जागा रिकामी होती. तिथे बाबा बसायला हवे होते.

परत आल्यावर मी ब्रायडीला बाबांचं सगळं सांगितलं. गोळा, कडी, उंच धरलेला हात. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "साडेतीनची शेवटची फेरी कुणासाठी आहे ठाऊक आहे? मायकलसाठी. जुन्या ट्रामवर तो फायरमन होता, कोळसा घालायचा. शेवटच्या दिवशीही तोच होता. आता नव्वदीत आहे. इतकी वर्षं आम्ही बोलावतोय, तर म्हणायचा, तुमचं ते नाटक आहे. या वर्षी पहिल्यांदा हो म्हणाला. आणि मंगळवारी त्याची मुलगी त्याला कायमचं लिमरिकला घेऊन चालली आहे. आम्ही आता मे महिन्यात उघडणार." तेवढ्यात वृद्धाश्रमाची गाडी फाटकाशी आली. जोचे दोन्ही हात तेलात. ब्रायडीने काठी माझ्या हातात दिली. "धर जरा. स्टेशनमास्तरच्या मुलीकडे द्यायला हरकत नाही. मी दोन मिनिटांत आले."

साठी उलटली तेव्हा कुठे माझ्या हातात लाईन आली. मी ती काठी घट्ट धरली. पाऊस सुरू झाला, तशी मी ती मुग्धाने दिलेल्या ढगळ कोटाच्या आत, काखेत घेतली. बाबा गोळ्याची पिशवी पावसात अशीच धरायचे. खाली ठेवायची नाही, ज्याचं त्याला द्यायचं. मी ब्रायडीची वाट बघत उभी राहिले.

आणि इरा चिखलात पडली. साधीसुधी नाही, तोंडावर, पूर्ण. मग काय, रडारड, ओले बूट, मुग्धाची चिडचिड. "आई, चल लवकर, ही गारठेल. गाडीत हीटर लावते." मी एका हाताने इराला धरलं, दुसरी काख घट्ट मिटलेली, आणि गाडीत जाऊन बसले. मुग्धाने इराचे कपडे बदलले, गाडी सुरू केली, आणि आम्ही निघालो. मला गरम हवेत डुलकी लागली.

जाग आली ती उकडल्यामुळे. कोट काढायला गेले, तर इराने विचारलं, "आजी, व्हॉट्स दॅट स्टिक?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मुग्धाने आरशातून बघितलं. "अगं आई, ही त्यांची आहे? आपण पंचवीस-तीस किलोमीटर आलोय."

"गाडी वळव."

"मी उद्या कुरिअर करते ना. त्यांची ट्राम एकच आहे. धडकणार कुणाला? ते कधीच निघून गेले असतील."

"नसतील गेले."

"आई, ते हौशी लोक आहेत, रेल्वे नाही."

"हौशी आहेत म्हणूनच नसतील गेले. मुग्धा, गाडी वळव. तो म्हातारा बसला असेल तिथे."

तिने फोन लावून बघितला. तिथे शेडमध्ये फोन नव्हताच, आणि वेबसाइटवरच्या नंबरवर एक रेकॉर्ड केलेला आवाज सीझनच्या तारखा सांगत राहिला. मैत्रिणीकडे जेवायला उशीर होणार होता, इरा कुरकुरत होती. पण मुग्धाने गाडी वळवली. लेक माझी आहे. वाटेत एक ट्रॅक्टर पुढे आला, तो काही केल्या बाजूला होईना. मी काठी मांडीवर धरून बसले होते. बाबांच्या शेवटच्या गाडीला मी गेले नाही, आणि आता दुसऱ्या कुणाची शेवटची गाडी अडवून ठेवली होती. मी स्वतःला काय काय बोलले, ते इथे छापण्यासारखं नाही.

पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. नव्या घड्याळाप्रमाणे पाचला सूर्य मावळणार होता, आणि या ट्रामला दिवे नाहीत. अंधारात चालवायची परवानगीही नाही.

ट्राम जागच्या जागी उभी होती. अकरा माणसं तिच्याभोवती चहाचे मग हातात घेऊन उभी. चहा गार झालेला. आणि डब्याच्या अगदी पुढच्या उघड्या फळीवर, गुडघ्यांवर कांबळं घेऊन, डोक्याला जुनी काळी टोपी घालून एक लहानखुरा म्हातारा बसला होता. कुणी मला रागावलं नाही. ते जास्त वाईट वाटलं.

"मला वाटलंच तू येशील," ब्रायडी म्हणाली.

"तुम्ही गेला का नाहीत? दुसरी गाडीच नाही या लाईनवर."

तिने मानेने म्हाताऱ्याकडे इशारा केला. "आम्ही विचार केला होता. अर्धा तास शोधलं, मग जो म्हणाला, जाऊ या तसंच, कोण बघतंय. तर युअर मॅन (म्हणजे हे आपले अमुक गृहस्थ) म्हणाला, काठी कुठे आहे ते आधी सांगा. सांगता येईना. मग म्हणाला, मी थांबतो."

मी मायकलपाशी गेले. माफी मागायला शब्द जुळवत होते, पण त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "खाली ठेवली होतीस का कुठे?"

"नाही. एकदाही नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "मला त्यांनी सांगितलं तुझ्या वडिलांबद्दल. ते कशी द्यायचे?"

मी दाखवलं. फलाटाच्या कडेला उभं राहून, हात वर करून. तो जोकडे वळून म्हणाला, "मागे घे गाडी, त्या खांबापर्यंत. आणि हळू ये. मी घेतो."

"मायकल, तळ्यापर्यंत जायला आता उजेड पुरायचा नाही," जो म्हणाला. "पुलापर्यंत जाऊन परत येता येईल, तेवढंच."

तळ्याच्या टोकालाच मायकलचं घर होतं, ते मला ब्रायडीने नंतर सांगितलं. तिथूनच तो रोज कामाला चढायचा. माझ्या चुकीमुळे ते त्याला दिसणार नव्हतं. तो म्हणाला, "पुलापर्यंत चालेल. काठीशिवाय तळ्यापर्यंत गेलो असतो, तर ते जाणं नव्हतं."

ट्राम मागे गेली. मी फलाटाच्या कडेला उभी राहिले. ब्रायडीने तिची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. मी हात वर केला. ट्राम चालत्या माणसाच्या वेगाने आली. मायकल पुढच्या फळीवरून बाहेर झुकला, जोने मागून एका हाताने त्याच्या कमरेचा पट्टा धरला होता. त्या सुरकुतलेल्या हाताने काठी माझ्या हातातून अशी नेमकी उचलली की मला जरासुद्धा हिसका बसला नाही. साठ वर्षांत हात विसरला नव्हता.

ट्राम पुढे गेली, आणि मी फलाटावर राहिले. हात रिकामा झाला होता, आणि तरी अजून वरच होता. तेव्हा मला कळलं की लहानपणी मी सगळी मजा गाडीत आहे असं समजत होते. बाबा रोज दोनदा असे उभे राहायचे. गाडी, माणसं, आवाज सगळं पुढे निघून जायचं आणि त्यांच्याकडे हा रिकामा हात राहायचा. म्हणून त्यांना शेवटच्या गाडीत एकदा बसायचं होतं. आणि एकट्याने नव्हे.

मुग्धा येऊन शेजारी उभी राहिली. मराठीत हळूच म्हणाली, "आजोबा असेच उभे राहायचे?"

"अगदी असेच."

तिने माझा दंड धरला, आणि ट्राम परत येईपर्यंत सोडला नाही.

ट्राम आली तेव्हा चर्चच्या मागे आकाश तांबूस झालं होतं. मायकल स्वतः उतरू शकत नव्हता, पण काठी त्याने कुणाला घेऊ दिली नाही. मला बोलावलं आणि माझ्या हातात दिली. "घे," म्हणाला, "लाईन तुझी." मग वृद्धाश्रमाच्या गाडीत बसेपर्यंत त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी काठी ब्रायडीला दिली. तिने ती शेडमधल्या प्रेसमध्ये (कपाटात) ठेवून कुलूप लावलं, मे महिन्यापर्यंत.

बुधवारी मी परतले. इराने विमानतळावर मला मिठी मारली आणि म्हणाली, "बाय आजी, डोन्ट टेक एनीवन्स स्टिक." विमानात मी घड्याळाकडे बघितलं. ते अमरावतीच्या वेळेवर होतं आणि पहिल्यांदाच बरोबर होणार होतं.

डिसेंबरात मी बोरखेडीला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रूळ अजून आहेत, गवतात. स्टेशनची खोली पडली आहे, कडुनिंब आहे. तिथे कुणी गुरुवारी जमत नाही, नट आवळायला कुणी येत नाही. फलाटाच्या कडेला एक माणूस शेळ्या चारत होता. मी बाबा उभे राहायचे तिथे जाऊन उभी राहिले, आणि लाज न बाळगता हात वर केला.

"बाई, कोनाले हात करून राह्यल्या?" शेळ्यावाल्याने विचारलं.

"गाडीले."

"गाडी तं बंद झाली ना. लई वर्सं झाले."

"माहीत आहे," मी म्हटलं.

तो शेळ्या हाकत निघून गेला. घेणाऱ्याने घेतल्याशिवाय हात खाली करायचा नाही, असं बाबा सांगायचे. मी हात दुखून येईपर्यंत उभी होते. मग मी तो खाली केला, आणि म्हटलं, "बाबा, तुमच्या गाडीला मी यायला हवं होतं."